पुढची रांग

भुताच्या खुर्चीवर बसलेलं माणूस तुम्ही कुणी पाहिलंय? मी पाहिलंय. माझी आईच!

बाबा गेल्यावर तिला आमच्याकडे परदेशात, हौगांगला आणलं होतं. चिनी लोकांचा सातवा महिना चालू होता. आमच्या ब्लॉकखाली मंडप, स्टेज, गाणी. मागे माणसांची ही गर्दी, आणि पुढची रांग अख्खी रिकामी. आईचे गुडघे दुखत होते. ती सरळ जाऊन मधोमध बसली.

शेजारची चिनी आंटी धावत आली. "कॅनॉट सिट लाह! धिस रो फॉर घोस्ट!"

मी म्हटलं, "ऊठ गं आई. या महिन्यात मेलेली माणसं परत येतात म्हणे. ही रांग त्यांची."

आता आंटीचं काही खरं नाही, असं मला वाटलं. लहानपणी मला ताप आला, तेव्हा उतारा करायला आलेल्या भगताला आईने दारातूनच हाकललं होतं. "आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात भूतबित नसतं!" आणि इथे आंटीही बौद्धच.

पण आई मुकाट्याने उठली. पदराने खुर्ची पुसली आणि मागे येऊन उभी राहिली.

मी हसलो. "काय गं, तू कधीपासून भुतं मानायला लागलीस?"

"नाहीच मानत," ती म्हणाली. "पण गावच्या तमाशाला आपल्या वस्तीतल्यांना बसू द्यायचे नाहीत. तुझे बाबा लांब, उकिरड्यापाशी उभे राहून बघायचे."

रिकाम्या खुर्चीवरची तिची नजर हलली नाही.

"चुकून आलेच, तर एकदा तरी पुढे बसू देत."