रेघ हालते, आवाज नाई!

आन रेघ तर अशी हालून राह्यली होती बाई, जशी नागीन! तुमाले सांगते, मी गाणं भरलं, चांगलं सहा कडव्यांचं, भुलाबाईचं, माह्या मायनं रचलेलं, आन थे तिकोनी बटन दाबलं, तर लॅपटॉपच्या काचेवर हिरवी रेघ वर-खाली, वर-खाली... आन आवाज? नाव नोको! रेघ हालते, आवाज नाई!

आता तुमी म्हणसान, गयाबाई, तू चौथी शिकलेली बाई, तुले काऊन पायजे हे लचांड? काऊन म्हंजे? रंजीता हाय ना! माही लहान जाऊ, भिंतीले भिंत लागून घर. तीन वर्सं झाले, आमच्या बेला गावात कोजागिरीले मंडळाच्या बाया भुलाबाईचा कार्यक्रम करतेत, तवा भोंग्यावर तिचंच भरलेलं गाणं. तिचंच! नाकातून गाते, नाकातून! आन बाया माना हालवतेत. भाजी घ्याले गेली तरी भाजीवाली इचारते, 'रंजीताबाईची जाऊ ना तुमी?' अवं, मोठी मी हाय! ती माही जाऊ हाय!

म्हणून औंदा ठरवलं. माही सून चैत्राली मास्तरीण, लेकरांचे धडे घरीच त्या लॅपटॉपात भरते. शाळेत जाच्या आंधी तिनं दाखवून देल्लं, 'आई, ही लाल टिकली दाबली की भरतं, हे तिकोनी दाबलं की वाजतं.' बस. पाच वाजेपर्यंत गाणं मंडळाच्या कुमुदिनीबाईले द्याचं होतं. भरलं. दाबलं. रेघ हालते, आवाज नाई!

सुनेले फोन लावला. मधली सुट्टी होती तिची. 'आई, खाली उजवीकडे स्पीकरचं चित्र आहे ना, त्याच्यावर फुली आहे का?' नाई बाई. 'आवाज वाढवा.' वाढवला, शंभर लिवून आला. 'कानातल्याची वायर लागलीय का?' उपटून फेकली. 'बंद करून परत चालू करा.' केलं! तेवढ्या वेळात माणूस सैपाक करून, जेवून, भांडे घासून मोकळं होते, तवा कुठं थे चालू झालं. रेघ हालते, आवाज नाई! मंग म्हणते, 'आई, फिरून-फिरून वाजायचं बटन दाबून ठेवा, म्हणजे गाणं सारखं चालू राहील, आपण एकेक तपासत...' आन घंटी झाली! ठेवला फोन! थे फिरून-फिरूनचं बटन तेवढं मी दाबून ठेवलं.

आदिलाबादच्या दुरुस्तीवाल्याले लावला. 'सौंड रावट्लेदा, अम्मा? आवाज नै आता? पूरा खोलके देखना पडता. दो दिन रखो.' दोन दिवस! इथं पाचाले माहं नाक कापलं जाते आन हा दोन दिवस मांगते! टीव्हीले मारतो तशी त्या लॅपटॉपच्या पाठीत एक थाप देल्ली. रेघ हालते, आवाज नाई!

आन मंग... आला! आवाज आला बायांनो! माहा! कसा खणखणीत! पण लॅपटॉपातून नाई... भिंतीपल्याडून!

तशीच धावत गेली. पाहते तर रंजीताच्या ओसरीत कुमुदिनीबाई, आणखी पाच-सहा बाया, हातात चहाच्या बश्या, आन मधात रंजीताचा थो बिनवायरचा गोल स्पीकर माहं गाणं म्हणून राह्यला! चैत्रालीनं मांगून सांगतलं, रंजीताच्या वाढदिवसाले, आदल्याच दिशी, तिनं लॅपटॉप त्या स्पीकरले जोडला होता, तोडाचा राह्यला. म्हंजे माहं गाणं सकाळपासून तिच्याच घरी जाऊन राह्यलं होतं, फक्त स्पीकरचा आवाज पार उतरवलेला होता! आपलं नवं गाणं बायांले आयकवाले तिनं त्याचा आवाज वाढवला, आन आंधी माहंच घुसलं!

कुमुदिनीबाई पदरानं डोये पुसे. 'रंजीता, औंदा कमाल केली व तू! काय आवाज लागला!' आयकलं? भुलाबाईची खिरापत ओळखाले बसवा याइले, बंद डब्बा हालवला की निस्त्या आवाजावरून सांगतेत शेंगदाणे हाय का फुटाणे, आन माहा एवढा मोठा आवाज नाई ओळखला!

बरं, रंजीतानं तरी नाई म्हणावं ना? पदर सारखा करून म्हणते कशी, 'जराशी सर्दी होती बाई, म्हणून बसला थोडा.' सर्दी! माह्या आवाजाले हिची सर्दी!

मी तोंड उघडलं, 'थांबा! हे गाणं...' तेवढ्यात गाणं संपलं. आन स्पीकर बोलाले लागला. गाऊन झाल्यावर थे लाल टिकली बंद कराची राह्यली होती, तुमाले काय सांगू... स्पीकर म्हणते, 'घे रंजीते, आयक आता! तीन वर्सं नाकातून रेकून गावाचे कान किटवले तू! पाय, औंदा तुहं नाकच बंद करते!'

हे बोलनं मात्र पयल्या शब्दाले ओळखलं साऱ्याइनं! कुमुदिनीबाई म्हणे, 'गयाबाई, हा तुहा आवाज ना?' म्हटलं, हो, हाही माहा, आन आंधीचा गाण्याचाही... 'बस! एवढं गोड गाणारी बाई असं बोलन का? गाणं रंजीताचं, त्याच्या शेपटीले तू हे जोडलं. एवढी जळतं का व जावेवर?'

साडेचारले चैत्राली आली, शपथ घेऊन सांगतलं तिनं. तर बाया म्हणतेत, सून सासूची बाजू घेऊन राह्यली म्हंजे नक्कीच खोटं असन!

देऊ नोको म्हणणार होती मी थे गाणं. पण माह्या मायचं होतं... म्हटलं, वाजू दे. चैत्रालीनं मांगचं बोलनं कापलं आन देल्लं मंडळात. कोजागिरीले वाजलं, पार पैनगंगेपर्यंत गेलं असन. रंजीताले हार घातला. आन बाजूची देवश्री मले कोपर मारून म्हणते, 'पाय गयाबाई, याले म्हणतेत गाणं. शिक जरा जावेपासून.'

म्हटलं, शिकते बाई.