कोऱ्या आभाळावर लाल पेन

चहा राहू द्या, आधी ऐका. आज क्रांती चौकात मी दोन रिक्षावाल्यांशी उगाच भांडलो, एवढं डोकं तापलंय.

सातवीच्या पोरांना मी जलरंग शिकवतोय. पहिल्याच दिवशी बजावलं, "दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढायचा नाय. खिडकीतून दिसतं तेच काढा. लख्ख उजेड असंल तिथं कागद कोरा सोडा."

सानिका नावाच्या पोरीनं भर दुपारचं आभाळ अख्खं कोरं सोडलं. लई भारी जमलं होतं! तर प्रदर्शनाची चित्रं बघायला आलेल्या मुख्याध्यापकांनी थेट तिच्या चित्रावर लाल पेनानं लिहिलं, "अपूर्ण". पोरगी रडायलाच लागली.

"आभाळ रंगवलंच नाही हिनं," ते मला म्हणाले. "निळा रंग संपला का?"

माझं टाळकंच सरकलं. हाताला धरून त्यांना खिडकीशी नेलं.

"वर बघा सर, अन् सांगा कुठं दिसतंय निळं."

त्यांनी वर बघितलं अन् झटकन डोळ्यांवर हात धरला.

"अहो, काय दिसणार? डोळे दिपतात नुसते!"

"व्हय ना? तेच काढलंय पोरीनं!"