पंच्याऐंशीच्या आत

दवाखान्यात वजनकाट्याच्या रांगेत माझ्यापुढे एक बसचालक आणि त्याची धाकटी बहीण उभी होती.

"दादा, बूट तरी काढ. तेवढंच कमी भरेल."

"तीन महिने डेपोपर्यंत चालत जातोय. गोड सोडलं, दुसऱ्यांदा वाढून घेणं सोडलं. आता बुटांनी काय होतंय?"

"पंच्याऐंशीच्या आत नाही आलं तर?"

"आणखी महिनाभर चालेन."

"माझ्यासाठी किती जिवाला त्रास करून घेशील रे?"

"गप गं. किडनी माझी. कुणाला द्यायची ते मी ठरवणार."

नर्सने हाक मारली. तो काट्यावर चढला.

"चौऱ्याऐंशी," नर्स म्हणाली. "आता डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतील."

"दादा..."

"रडतेस काय, वेडे? आधी वहिनीला फोन लाव. सकाळपासून तिच्याही पोटात काही नाही."