आणखी मोठे बल्ब

उजेड कमी पडतो म्हणून मोटारीचे बल्ब बदलायला निघालायस ना, आधी माझं ऐक. आमच्याकडे गोरा साहेब जाताना विकून गेलेली मोटार होती, सगळ्या कुरुळी गावात तेवढी एकच. दिवेलागणीनंतर समोरचा बैल दिसायचा तो थेट बॉनेटपाशी आल्यावर. एकदा तर बैलगाडीवर आदळता आदळता राहिलो.

म्हणून पिंपरी कॅम्पात इब्राहिमभाई मेकॅनिककडे गेलो आणि जास्त उजेडाचे बल्ब बसवून घेतले. फरक शून्य. सहा महिन्यांनी आणखी मोठे बसवले. उजेड तसाच पिवळा. तिसऱ्या खेपेला माझं डोकंच फिरलं.

"भाई, बल्ब देता की समई?"

"बल्बात खोट नाही, राव. दर दसऱ्याला तुमच्या आई तेल लावून दिव्याच्या काचभर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढतात. चार वर्षांचे थर बसलेत त्यावर."

"मग आधीच पुसायचंत की!"

"देवाचं आहे, मी कसा हात लावू? घ्या, तुम्ही पुसा." त्यांनी रॉकेलचा बोळा माझ्या हातात दिला.

बोळा घेऊन मी काचेसमोर उभा राहिलो. मागच्या पावसाळ्यात त्या स्वस्तिकाचा एक ओघळ खाली आला, तर अपशकुन म्हणून आईनं आठ दिवस गाडी दाराबाहेर काढू दिली नव्हती. मी बोळा गुपचूप परत दिला.

"भाई, याच्याहून मोठे बल्ब मिळतात का?"