सांभाळा, पण बघू नका

अहो, बाकावरनं सरकताय कुठं, बसा की, गाडी सुटायला वेळ आहे अजून! मराठीच ना तुम्ही, मघाशी वहिनींना 'बाटली कुठंय' म्हणालात ते ऐकलं मी. बसा, आणि बघा माझ्याकडं, बिनधास्त बघा. काळा चष्मा दिसला की या मद्रासमध्ये माणसं अशी लांब होतात, जसा काय मी डोळ्यांतून गोळ्याच झाडणाराय... बरे झालेत हो डोळे, पाच दिवस झाले. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलंय, हातानं लागतं, टॉवेलानं लागतं, नुसतं बघून काही होत नाही. पण आमच्या घरात कोण ऐकतंय? आमच्याकडं एकच कायदा, बघायचं नाही!

तुम्हाला सांगतो, सुरुवात माझीच. कराडच्या एसटी डेपोत तीस वर्षं टायर बदलले मी, सहीपुरतं लिहिता येतं आणि खोड्या काढता येतात, तिसरं काही येत नाही. बायको गेली तसा लेक म्हणाला, आबा चला, म्हणून आलो पेरुंगुडीला, अकराव्या मजल्यावर, आठ महिने झाले. लेक मंदार मोटारीच्या कारखान्यात, सूनबाई देविका शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरात, नात संयुक्ता दुसरीत. सकाळी जातात ते संध्याकाळी उगवतात, आणि उगवले की मोबाइलात मावळतात. मग मी बोलणार कुणाशी? खाली गेटवरच्या वेंकटशी. तो तमिळमध्ये, मी मराठीत, दोघांनाही ओ की ठो कळत नाही, पण उठून कुणी जात नाही. तर एक दिवस हा वेंकट आपला काळा चष्मा टेबलावर ठेवून चहाला गेला. आता चष्मा समोर, खुर्ची रिकामी, आणि मी असा... मला सांगा, राहवेल? चढवला चष्मा, बसलो खुर्चीत, येईल त्या गाडीला सलाम ठोकत सुटलो. सूनबाईंची गाडी आली, तिला तर असा कडक ठोकला की त्यांनी काच खाली केली आणि म्हणाल्या, 'पार्सल आलं तर वर पाठवा.' सासऱ्याला! ओळखलंच नाही हो.

दुसऱ्या दिवशी डोळे टोमॅटो, आणि काळा चष्मा माझ्याही नाकावर. तेव्हा कळलं, वेंकट चष्मा हौसेनं लावत नव्हता. मद्रास आय म्हणतात याला. आपल्याकडं नुसते डोळे येतात, इथं गावाचं नाव लावून येतात.

झालं, घरात सगळ्यांनी माना फिरवल्या. सूनबाई भिंतीला सांगायच्या, आबा चहा ठेवलाय. मंदार पंख्याला विचारायचा, आबा औषध घातलं का. मी म्हटलं, अरे डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या... तर दोघं एकदम, 'आबा, बघायचं नाही!' आता खरं सांगू का, आधीचे आठ महिने तरी कोण बघत होतं? पण तेव्हा निदान कायदा नव्हता.

त्यात शाळेचा मेसेज आला, घरात कुणाचे डोळे आले असतील तर मुलांना पाठवू नका आणि लपवूही नका. सोमवारी सकाळी बसली दोघांची बैठक. मंदार म्हणे पोरीला काही झालेलं नाही, पाठव. सूनबाई म्हणे वरच्या मजल्यावरच्या रंजनीनं आबांना काळ्या चष्म्यात बघितलंय, तिची हरिणी आपल्याच व्हॅनला आहे, लगेच ग्रुपवर टाकेल ती. मग ठेव घरी. ठेवते, सुट्टी तू घे. माझी संपली. माझी तुझ्या तापात संपली. आणि पोरगी दारात उभी, 'बूट घालू की काढू?' बाप म्हणे घाल, आई म्हणे काढ, बाप म्हणे थांब, खाली व्हॅनचा हॉर्न वाजला तेव्हा पोरीच्या एका पायात बूट होता आणि दुसरा हातात.

शेवटी काय ठरलं, ऐका. पोरीला शाळेत पाठवायचं नाही. का? तर घरात आजारी माणूस आहे. मग पोरगी राहणार कुठं? घरात. आणि सांभाळणार कोण?... आजारी माणूस! हसू नका, शिकलेली माणसं आहेत ती, इंग्रजीत ठरवलं त्यांनी. जाताना सूनबाई भिंतीला म्हणाल्या, 'आबा, संयुक्ताला सांभाळा. पण तिच्याकडं बघू नका.'

आता तुम्हीच सांगा, न बघता सांभाळायचं कसं? तर मी आतल्या खोलीत, दार बंद, पोरगी बाहेर हॉलमध्ये. दर दहा मिनिटांनी टकटक करायचं, तिनं ओ द्यायची. दुसऱ्या टकटकीला ती म्हणाली, आबा, तू आत काय करतोस? म्हटलं, डेपो मॅनेजरच्या खुर्चीखाली हॉर्न बसवला होता त्याची आठवण काढतोय. म्हणाली, सांग. अहो, आठ महिन्यांत 'हाय आबा, बाय आबा' याच्यापुढं न गेलेली पोर! मी आतून दाराला पाठ लावून, ती बाहेरून दाराला पाठ लावून, आणि आमच्या गप्पा. मराठी मोडकं तिचं, पण माझ्यासाठी मोडत होती ना ती. शुक्रवारी शाळेत तिचं नाटक होतं, रस्त्याच्या नियमांचं. ही लाल दिवा. स्टीलच्या थाळीला लाल कागद चिकटवलेला, तो वर धरायचा आणि एकच शब्द बोलायचा, थांबा. शाळेत तमिळमध्ये म्हणायचा, पण माझ्यासाठी मराठीत म्हणायची. ती बाहेरून ओरडायची, 'थांबा!' आणि मी आतून एसटीचा ब्रेक मारायचो, कर्रर्र... खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारून गेले, काय तुटलं म्हणून.

बुधवारी संध्याकाळी आरशात बघितलं. डोळे साफ, उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे.  म्हणजे उद्या पोरगी व्हॅनमध्ये, आणि मी परत वेंकटसमोर. स्वयंपाकघरात सांबाराचे छोटे कांदे असतात बघा, त्यातला एक सोलला. बोट कांद्याला, बोट पापणीला. गुरुवारी डोळे परत लाल, सूनबाई परत भिंतीशी बोलायला लागल्या, पोरीचे बूट परत रॅकमध्ये. म्हटलं, एकच दिवस. मग शुक्रवार आला, परत कांदा. माहीत होतं हो मला शुक्रवारचं, खोटं कशाला बोलू. पण वाटलं, एक शब्द तर आहे, तो काय माझ्यापाशी रोज शंभरदा म्हणतेच की...

त्या दिवशी दुपारभर टकटक केली, पोरीनं ओ दिली नाही.

संध्याकाळी वरच्या रंजनीनं नाटकाचा व्हिडिओ पाठवला. लाल दिवा हरिणी झाली होती. पोरीनं आईच्या मोबाइलवर दोनदा बघितला आणि आत जाऊन उशीत तोंड घालून पडली. सकाळी तिचे डोळे लाल. झाली ना बोंबाबोंब, लागली, पोरीला लागली! सगळी वरात डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी पोरीचे डोळे बघितले, म्हणाल्या, काही नाही, रडलीय ही. मग माझे बघितले. जवळ आल्या, नाक वर केलं, हुंगलं, आणि आपल्या तोडक्या हिंदीत, आजोबाला ताता म्हणत, म्हणाल्या, 'ताता, सांबार बनाया क्या?'

  घरी येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मंदारनं मान वळवली आणि आठवड्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. मीच म्हटलं, 'बघायचं नाही रे.'

मग शाळेला चिठ्ठी पाहिजे, घरात कुणी आजारी नाही अशी. मंदारनं इंग्रजीत लिहिली, म्हणाला आबा, इथं सही करा, आजारी तुम्हीच होता. म्हटलं, लिहिलंय काय? 'आता आमच्या घरात तसं कुणी नाही.' केली सही, तेवढी येते. पेनाला टोपण लावत म्हणाला, तुमचं तिकीट काढलंय, सोमवारचं, गावाकडं बरं वाटेल. मी म्हटलं, अरे, डोळे बरे झाले माझे. म्हणाला, 'डोळ्यांचं नाही आबा.'



आज सकाळी खाली उतरलो, मी पिशवी घेऊन आणि पोरगी दोन्ही पायांत बूट घालून. व्हॅन आली, चढली. शुक्रवारपासून एक अक्षर बोलली नव्हती माझ्याशी. व्हॅन सुटली, आणि अहो, खिडकीत ती थाळी वर आली! लाल कागदाची! वाटलं, म्हणते आता. पिशवी खाली ठेवली मी, ब्रेक मारायला तोंडसुद्धा उघडलं... शेजारी हरिणी बसली होती. तिला दाखवत होती हो, कशी धरायची असते ते.

व्हॅन गेली. तीस वर्षं एसटीत काढली, पण आज लाल दिवा असताना पुढं निघालो. कुणी बघितलंसुद्धा नाही.