माधवराव आत गेले नाहीत

नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हलतो — इकडे बसा, पंख्याखाली. आणि हे बघा अंबरीशजी, ‘पळवून आणलं’ वगैरे शब्द माझ्या घरात नको. फोनवर बोललात ते बोललात, रात्रभर गाडीत बसून माणसाचं डोकं तापतं, समजू शकते मी. पण तुमचे वडील इथं स्वतःच्या मर्जीनं आलेत, वृद्धाश्रमाच्या मॅनेजरला सांगून आलेत. आत्ता? आत्ता घरी नाहीत ते. बाहेर गेलेत, येतीलच. पाणी पिऊन घ्या. चाय ठेवू का? राहू दे, आधी बोलून घेते, नाहीतर चाय उकळत राहील आणि मी बोलत राहीन — माझं असंच होतं हल्ली.

तुम्हाला वाटत असेल, ही बाई कोण? बरोबर आहे. मी सीमंतिनी. राज्य सरकारचा आपत्ती प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालवते, ग्वालियर विभागाचा. मतलब पूर आला, आग लागली, छत पडलं तर पहिल्या तासात काय करायचं, ते शिकवते — तहसीलदारांना, पटवाऱ्यांना, नर्सेसना, होमगार्डवाल्यांना. आज भिंड, उद्या श्योपुर. आणि दर प्रशिक्षणाच्या शेवटी एक मॉक ड्रिल. सगळे शाळा निवडतात. शाळेत सोपं असतं हो — शिटी वाजली की पोरं पळतातच, न वाजवता पण पळतात! मी म्हटलं, ह्या वेळी वृद्धाश्रम. ऑफिसात सगळे नाही म्हणाले. कोणी पडलं, हाड मोडलं तर जवाबदारी कोणाची? माझी, म्हटलं. बिलकुल माझी.

तर आधी मी तिथं जाऊन सगळ्यांना बसवून शिकवलं. आणि एक नियम अगदी घोकून घेतला — एकदा बाहेर आलात की परत आत जायचं नाही. चष्मा राहिला, कवळी राहिली, पोथी राहिली, तरी नाही. कोणी कितीही बोलावलं तरी नाही. मी स्वतः समोर येऊन म्हणेन, ‘आत सुरक्षित आहे’, तेव्हाच आत जायचं. तुमचे बाबा पुढच्या रांगेत होते. त्यांनी विचारलं, ‘मॅनेजरनं म्हटलं तर?’ मी म्हटलं, ‘तरी नाही. फक्त मी.’ मला काय माहीत — थांबा, हा फोन बंद करते, वाजतच राहतो. हं.

ड्रिलच्या दिवशी भोपाळहून मोठे साहेब आलेले. सायरन वाजला, जिन्यात धूर सोडला, होमगार्डची पोरं स्ट्रेचर घेऊन धावली, आणि सगळ्यांच्या आधी दारातून कोण आलं? तुमचे बाबा, माधवराव! पायात बूट, नाड्या बांधलेल्या, हातात बॅग, भांग पाडलेला. निंबाच्या झाडाखाली, जिथं जमायचं होतं तिथं, येऊन उभे. बाकीचे कोण चादर गुंडाळून, कोण एका चपलेत — आणि हे असे, जसं काही गाडी पकडायचीय. मी खूश! अशी खूश की माइक हातात घेतला. म्हटलं, बघा, ह्याला म्हणतात तयारी. टाळ्या. साहेबांनी हात मिळवला. मग मला आणखी हौस, मी माइक त्यांच्यापुढे धरला — ‘माधवराव, सांगा सगळ्यांना, इतके तयार कसे?’

नका विचारू. विचारायलाच नको होतं.

म्हणाले, ‘माझा मुलगा थोड्या दिवसांत न्यायला येतो म्हणाला होता. केव्हा येईल काय सांगावं. सकाळी आंघोळ झाली की मी बूट घालून बसतो.’ माइकवर बोलले, अंबरीशजी. सगळ्या मैदानात ऐकू गेलं. टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणालाच समजेना. मागून एक जवान वाजवायला लागला, मग तोही थांबला.

तुम्ही खाली नका बघू. मी तुम्हाला ऐकवायला नाही बोलावलं. नोएडात चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट आठवड्यातनं दोनदा बंद, दोघांची नोकरी — त्यांनीच सांगितलं मला. तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलत नाहीत ते. सूनबाईंच्या, शिखाच्या हातचं थालीपीठ चांगलं असतं, हे मी आतापर्यंत कितीदा ऐकलंय! आणि आश्रमसुद्धा वाईट नाही हं. स्वच्छ आहे, जेवण गरम असतं, नर्स रोज येते. तेच तर मला — थांबा, हा पंखा आवाज करतोय का? नाही? मला वाटलं करतोय.

ड्रिल संपलं. सगळे रांगेनं आत निघाले. माधवराव झाडाच्या ओट्यावर बसून. मॅनेजर म्हणाला, ‘चलिए बाबूजी, खाना लग गया.’ हे ढिम्म. मॅनेजर रागावला, दोन जवानांनी हात धरायला बघितलं, तर ह्यांनी माझ्याकडे बोट केलं — ‘ह्यांना म्हणू दे.’ मी पुढे गेले. तीन शब्द म्हणायचे होते. आत सुरक्षित आहे. कितीदा म्हटलेत मी ते, कारखान्यात, दवाखान्यात, जिल्ह्याजिल्ह्यात. ते माझ्याकडे वर बघत होते, अगदी सरळ, शिकवणीतल्या मुलासारखे. साहेब मागे घड्याळ बघतायत. म्हणायला काय हरकत होती सांगा? खोटं नव्हतं. आग नव्हती, धूर विरला होता. तरी नाही म्हणता आलं. का, ते तुम्हाला समजलं तर मला सांगा. मी हा विचार करूनच दमले.

मग काय करणार? झाडाखाली ठेवणार? सरकारी जीपमध्ये बसवलं, आणलं थाटीपुरला, ह्या क्वार्टरमध्ये. नियमात बसत नाही, माहीतय मला. साहेबांनी विचारलंय लेखी.

पहिल्या रात्री वरण केलं, तर म्हणाले हिंग कमी आहे. मी म्हटलं, ह्या घरात हिंगच नाही. मिस्टर भोपाळला — म्हणजे आमचं काही भांडण वगैरे नाही, बदली आहे, बदलीच आहे — मुलगी बेंगळुरूला, मी एकटीला कशाला हिंग? सकाळी ते स्वतः जाऊन घेऊन आले. बाल्कनीतली वेताची खुर्ची, तिच्यावर मी कपडे टाकायची, ती पुसून उन्हात ठेवली आणि बसले. संध्याकाळी मी आले तर विचारतात, ‘आज कुठं पूर आणलात?’ हसू नका, मला इतकं हसू आलं! ह्या दाराशी कोणी विचारलंच नव्हतं कधी. मी वेळेवर यायला लागले. फाइली ऑफिसात टाकून. मी! आमचा ड्रायव्हर घाबरला, म्हणाला मॅडम, तबीयत ठीक है ना?

तुम्हाला फोन? हो… केला ना. काल केला. ड्रिल — ड्रिल गेल्या आठवड्यात झालं. बरोबर. लगेच करायला हवा होता. नंबर होता माझ्याकडे, पहिल्या दिवसापासून होता. रोज ठरवायची, जेवण झालं की करू. जेवण झालं की ते रेल्वेतल्या गोष्टी सांगायला बसायचे — गार्डच्या डब्यातल्या — आणि राहून जायचं. राहून नाही जायचं. मीच राहू द्यायची. बस, आता रागवा. रागवा ना! काहीतरी बोला.

नाही, इथं नाही राहणार ते. तीच तर गंमत. परवा मी त्यांना म्हटलं, माधवराव, ती आतली खोली रिकामीच आहे, इथंच राहून घ्या. पडदेसुद्धा बघून आले होते मी, तुम्हाला सांगते. त्यांनी ताट सारलं, म्हणाले, ‘सीमंतिनीबाई, तुम्ही मला बाहेर काढलंत. तुमचं काम झालं. आता कुठं जायचं ते मला ठरवू द्या.’ आणि ठरवलं होतं त्यांनी! श्रीपादकाका म्हणून कोणी आहेत, रेल्वेतले जुने, हरिशंकरपुरममध्ये — त्यांची वरची खोली. आपल्या पेन्शनीत भाडं देणार, डबा लावणार. मी बाहेर गेल्यावर हे बसनं जाऊन खोली बघून आले, मला पत्ताच नाही. ना तुमच्याकडे, ना आश्रमात, ना माझ्याकडे. मी म्हटलं, पण रात्री काही झालं तर? तर मलाच सांगतात, ‘बाहेर पडायला शिकवलंय ना तुम्ही.’

म्हणून केला तुम्हाला फोन. वाटलं, तुम्ही तरी थांबवाल. आता तुम्हाला समोर बघते तर वाटतं, कशाला थांबवायचं? … काय? तुम्ही येताय हे त्यांना सांगितलं का? सांगितलं की, काल रात्रीच. वाटलं होतं हरखतील, निदान गप्प तरी होतील. म्हणाले, ‘येऊ दे. खाट उचलायला एक माणूस झाला.’

ऐकलंत? लोडिंग ऑटो आहे खाली. तेच. बाजारातून खाट घेऊन येतो म्हणाले होते, बॅगही इथून न्यायचीय. उठा. डोळे पुसा आधी, ते तिकडे बेसिन आहे. आणि तिथं गेल्यावर त्यांना नोएडाला चला म्हणायचं असेल तर म्हणा, पण खाट वर चढवल्यावर म्हणा. मी? नाही, मी नाही येत. मला भिंडला जायचंय, लोक वाट बघतायत. जा ना, ते हॉर्न वाजवतायत. दार ओढून घ्या.