फ्रिज आमचा नाही

अहो ताई, थांबा, मोबाइलवर लिहिलंत ते खोडा आधी — फ्रिज आमचा नाही. म्हणजे दिसतोय, मी कुठे नाही म्हणते, आमच्याच भिंतीला टेकून उभा आहे, पण आमचा नाही. आणि जरा हळू बोला, आतलं दार पातळ आहे, मुलगी तयार होतेय. बसा ना. स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो, खुर्चीवर बसा — खुर्चीही आमची नाही, पण बसा.

नियम? असेल की नियम. डोळ्यांना दिसेल ते लिहायचं — तुम्ही तरी काय करणार, तुमच्यावरही कुणी साहेब असणारच. पण मला एक सांगा, मंगळवारी तुम्ही ह्याच मोजणीसाठी शेजारी शिंपीणबाईकडे आला होतात की नाही? आला होतात, मी गॅलरीतून पाहिलं. तिच्याकडे फ्रिज लिहिलात? हिरवा, दारावर ओरखडा, मुठीला दोरी? मग बघा नीट. तोच आहे हा. एकच फ्रिज दोन घरांत लिहिलात तर वर बसलेल्यांना वाटेल, मजल्यावर बरकत आली. असंच होत असणार हो सगळीकडे — परवा बातम्यांत सांगत होते, महागाई उतरली म्हणून. मी ह्यांना विचारलं, उतरली तर तेल का नाही उतरलं? हे म्हणाले, अगं, उतरली म्हणजे चढतेच आहे, फक्त आता जरा हळू चढते. घ्या!

तर फ्रिजचं सांगत होते. आज पाहुणे यायचेत मुलीला बघायला. वेळ चारची आहे, पण मुलाची आत्या वेळेआधी टपकणाऱ्यांतली दिसते. तिनेच फोनवर गोड आवाजात विचारलं — आम्हाला बाई पाणी गारच लागतं, फ्रिज असेलच ना तुमच्याकडे? आता हे काय पाणी मागणं झालं? हे घर मोजणं झालं. राग मानू नका, तुम्हीही मोजताच, पण तुम्ही निदान ओळखपत्र दाखवून मोजता. मी म्हणाले, आहे ना! झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आमच्या मजल्यावर रीतच आहे तशी — ज्याच्या घरी पाहुणे, त्याच्या घरी फ्रिज. चौघे मिळून उचलतात. आतापर्यंत तीन लग्नं जमवलीत त्याने. शिंपीणबाई म्हणते, मध्यस्थाला द्यावं लागतं तसं ह्यालाही काही द्यायला हवं.

उद्या या ना तुम्ही. उद्या सकाळी रिकामी भिंत दाखवते. नाही? आज शेवटचा दिवस? आणि फ्रिज 'आहे' लिहिलं की स्वस्त धान्याचं कार्ड जाणार — हो, मला माहीत आहे, खालच्या मजल्यावरच्या आजींचं पंख्यामुळे गेलं. ताई, त्या धान्यावर आमचा महिना निघतो. अर्धा. उरलेला — बरं, पुढचं विचारा, विचारा.

कमावतं कोण? हे. म्हणजे हे होते. छापखान्यात मशीनवर, बावीस वर्षं. बिस्किटांच्या पुड्यांचे कागद छापायचे. महागाई येणार हे बातम्यांच्या आधी आमच्या घरात कळायचं, सांगू का कसं? मालक कागद अर्धं बोट कमी कापायला सांगायचा. पुडा तोच, चित्र तेच, किंमत तीच, आत दोन बिस्किटं कमी. हे घरी येऊन सांगायचे आणि आम्ही हसायचो. चौदा महिने झाले, छापखानाच बंद केला. आता रोज सकाळी नाक्यावर उभे राहतात, पंचवीस वर्षांच्या पोरांत बावन्न वर्षांचा माणूस — कोण घेणार? दुपारी परत.

गेल्या आठवड्यात एक तास तरी काम केलं का? एकच तास? केलं की. बुधवारी एकाच्या माळ्यावरचं सामान उतरवून दिलं, दीड तास. मग? म्हणजे हे बेकार नाहीत? खरंच असं लिहिता तुम्ही? अहो, त्यांना स्वतः सांगा हो एकदा, चौदा महिन्यांत कुणी सांगितलं नाही. आत्ता घरात नाहीत. कुठे आहेत काय — पाहुण्यांना सांगितलंय, नोकरी चालू आहे. म्हणून डबा घेऊन मागच्या गल्लीत बसलेत बंद दुकानाच्या पायरीवर. पाचला कामावरून सुटल्यासारखे येतील. हसू नका. मला सकाळी डबा भरताना रडू आलं, आणि हे म्हणाले, लोणचं जास्त घाल, आज ओव्हरटाइम आहे.

मुलगी? ती शिवण कारखान्यात, कॉलर लावते. भाडं, गॅस, ह्यांच्या गोळ्या, सगळं तिच्यावर. आठवडाभर कानात मशीन घरघरते म्हणते. सत्ताविसावं लागलं. मुलगा चांगला आहे हो, गोदामात कायम नोकरी, स्वतःहून विचारायला आला. तिलाही — पण ती गेली की पगार तिकडे गेला. मग तुमच्या त्या रकान्यात काय लिहाल, कमावते शून्य? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काल रात्री फ्रिज आत घेताना दारात अडकला, आणि माझ्या मनात आलं — खरं सांगते — अडकू दे. नाहीच आला आत तर पाहुण्यांचं मोडेल, आणखी एक वर्ष तरी पोरगी — आई आहे मी तिची आणि असं मनात आलं. हे लिहू नका. लिहिण्यासारखं नाही ते. आणि हळू, तिला ऐकू गेलं तर —

खोकली. ऐकलंत? शिंपीणबाई खाली खोकली, तसं ठरलंय आमचं. आले ते. ताई, जिन्यावर पावलं आहेत, दाबा ना पटकन 'नाही'वर. काय म्हणता? ज्याचा फ्रिज त्याची सही लागेल? आता कुठून आणू ती — 'उसना' असा रकानाच नाही का तुमच्याकडे? इतकी माणसं मोजता आणि उसना नाही?

या, या, आत्याबाई, या ना. उन्हातून आलात. ह्या होय? ह्या मोजणीवाल्या आहेत, झालंच त्यांचं. विचारा ना ताई, विचारा मोठ्याने, ह्यांच्यासमोर काय लपवायचंय. फ्रिज? आमचाच. तीन वर्षं झाली. हे कामावर आहेत, सुटतील पाचला. मुलीचा पगार? तिचा तिला. आम्ही हात लावत नाही त्याला, लग्नानंतरही तिचाच. कार्ड? नको, ते गरजवंतांना द्या.

सही कुठे करू — इथे, बोटाने? हं, झाली. बरं, या तुम्ही आता.